अठ्ठाविसावं घर

शहराच्या कडेला असलेल्या वाडीच्या ज्या गल्लीत प्रेमिला गजभिये राहते, तिथे मंगळवारी सकाळी घर झाडून, पलंगावर धुतलेली चादर घालून, इस्त्रीची साडी नेसून तयार होऊन बसायचं काही कारण नव्हतं. सण नव्हता. पाहुणे येणार नव्हते. आणि कोणी बघायला येण्याचं तिचं वय केव्हाच निघून गेलं होतं, कारण बाई आता चोपन्नाव्या वर्षात होत्या. तरी नऊच्या आत सगळं उरकून ती पुढच्या खोलीत खुर्चीवर बसली, आणि समोर दुसरी खुर्ची मांडून ठेवली. तिचे वडील लहानूजी पडवीतल्या खाटेवर ऊन खात बसले होते. त्यांनी चादरीकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही. एकमेकांना काही विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

येणार होती ती एक अनोळखी मुलगी. रविवारी प्रेमिला दळण घेऊन चक्कीवर गेली होती, तेव्हा तिला ती पहिल्यांदा दिसली. पाठीवर पिशवी, हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. चक्कीपाशी उभी राहून तिने नकाशा पाहिला, मग उजवीकडे वळली आणि बोटाने घरं मोजत निघाली. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं की लाइटबिलवाली असेल. प्रेमिलाने मात्र दळणाचा डबा तिथेच ठेवला आणि नीट पाहिलं. ही सर्वेवाली होती. सर्वेवाल्यांचा एक नियम असतो: ठरलेल्या खुणेपासून निघायचं, उजवा हात घरांकडे ठेवून चालायचं, आणि दर सातव्या घरी मुलाखत घ्यायची. आपल्याला आवडेल ते घर निवडायचं नाही, म्हणून हा नियम. प्रेमिलाने स्वतः तीस वर्षं तो पाळला होता, तो तिच्या पायांत बसला होता.

तिने मनातल्या मनात चक्कीपासून आपल्या घरापर्यंत मोजलं. तीस भरले. तिचा चेहरा पडला. मग तिला आठवलं, की मध्ये ट्रान्सपोर्टची दोन गोदामं आहेत, आणि बंद घर मोजायचं असतं, पण गोदाम मोजायचं नसतं. तिसातून दोन गेले. अठ्ठावीस. सात चोक अठ्ठावीस. तिचं घर चौथं म्हणून लागत होतं. त्या आनंदात ती दळण विसरून घरी आली आणि परत गेली.

आता एवढ्याशा गोष्टीचा एवढा आनंद कशाला, असं कोणीही म्हणेल. पण तिचा हिशेब साधा होता. तीस वर्षं ती लोकांच्या दारात जाऊन विचारत आली. किती मुलं, कितव्यांदा गरोदर, पाणी कुठून आणता, काल काय जेवलात, नवरा पितो का, मुलगी शाळेत जाते का. हजारो बायकांनी तिच्यासमोर आपलं आयुष्य पसरून ठेवलं. आणि या तीस वर्षांत तिच्या दारात कोणी असं येऊन बसलं नाही. एकदा, फक्त एकदा, कोणीतरी समोर बसावं, पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत विचारावं, आणि आपण सांगावं, एवढीच तिची इच्छा होती. ती इच्छा तिने कोणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी ती नव्हतीच.

प्रेमिला समाजशास्त्राकडे वळली ती काही ध्येयाने वगैरे नाही. हे ती स्वतःच सांगते. बी. ए. झाल्यावर अर्थशास्त्रात एम. ए. करायचं म्हणून ती अमरावती रोडवरच्या विद्यापीठात अर्ज भरायला गेली. त्या खिडकीपुढे ही मोठी रांग. शेजारच्या खिडकीपुढे कोणीच नाही, आणि खिडकीबाहेर एक उंच, पांढऱ्या झब्ब्यातले गृहस्थ पेन घेऊन उभे. त्यांनी विचारलं, कुठून आलीस. ती म्हणाली, वाडीहून. वडील काय करतात. गोदामात माल चढवतात. त्यांनी तिचा फॉर्म हातात घेतला आणि म्हणाले, मग तुझा अर्धा अभ्यास झालेला आहे. ते शालिकराम सर. परतीची बस दहा मिनिटांत होती, आणि कोणी शिक्षक तिच्याशी इतकं नीट बोलल्याची ती पहिलीच वेळ होती. बाईंच्या आयुष्याची दिशा अशी रांगेवर ठरली.

लहानूजी त्याच अमरावती रोडवर हमाली करत. सकाळी बापलेक एकाच वेळी निघायचे, ते पायी गोदामाकडे आणि ती उलट्या दिशेच्या बसने विद्यापीठात. गोदामातले लोक त्यांना छेडायचे, की लहानू, डॉक्टरकी शिकलं तं डॉक्टर होते, वकिली शिकलं तं वकील होते, हे शिकून तुही पोरगी काय होणार गा? लहानूजी पोतं पाठीवर घेता घेता म्हणायचे, साहेब होते. त्यांना ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर प्रेमिलालाही ठाऊक नव्हतं. तिलाही तेव्हा ते खोदून विचारायचं सुचलं नाही.

ती दोन वर्षं मात्र काय होती! अजून तिच्या बोलण्यात ‘आमच्या डिपार्टमेंटला’ असं आलं की समजावं, आता चहा थंड होणार. बावीस जणांचा वर्ग. उंच खिडक्या, बाहेर कडुलिंबाची झाडं, पंखा एकच, तोही सरांच्या डोक्यावर. मधल्या सुट्टीत गेटबाहेर एका प्लेटीत तिघांनी खायचे तर्री-पोहे. आणि शहरातल्या धरमपेठची हिमानी, जिच्याकडे स्कूटर होती आणि जिला तर्रीने दरवेळी ठसका लागायचा, तरी ती खायचीच. हिमानी इंग्रजीतली पुस्तकं वाचून नोट्स काढायची, प्रेमिला त्या मराठीत उतरवून बाकी वर्गाला द्यायची. दोघींची मैत्री अशी नोट्सवर उभी राहिली आणि टिकली.

पहिल्याच महिन्यात सरांनी काम दिलं, की आपापल्या घरी जाऊन आईची मुलाखत घ्या आणि छापील तक्ता भरून आणा. प्रेमिलाने वळणदार अक्षरात भरून नेला. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, ‘काम करत नाही’. आईनेच तसं सांगितलं होतं. सरांनी तक्ता वाचला आणि विचारलं, की तू विचारत होतीस तेव्हा आई काय करत होती? ही म्हणाली, पोती शिवत होती. गोदामातली फाटकी पोती घरी आणून दाभण-सुतळीने शिवायची, आणि शेकड्याच्या हिशेबाने परत द्यायची, हे तिच्या आईचं रोजचं होतं. सगळा वर्ग हसला. प्रेमिलाचे कान तापले. सर हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले, की आईने सांगितलं ते तू लिहिलंस, ते बरोबरच केलंस, पण डोळे इथेच ठेवून गेली होतीस. त्या दिवशी ती बसमध्ये रडली. घरी गेल्यावर आईच्या शेजारी बसून तिने पहिल्यांदा मोजलं, आई दिवसाला किती पोती शिवते ते. आई आता नाही. पण तिच्या हाताचा तो आकडा प्रेमिलाला अजून पाठ आहे, आणि तो ती कोणाला सांगत नाही.

दुसऱ्या वर्षी कळमेश्वरच्या पलीकडच्या एका गावात दहा दिवसांचा सर्वे होता. शाळेच्या वर्गात मुक्काम, ओसरीवर स्वयंपाक. पहिल्या दिवशी हिमानीने एका शेतकरणीला विचारलं, “आपल्या कुटुंबाच्या उत्पन्नाची प्रमुख साधने कोणती?” बाई पदर तोंडाला लावून आत पळाली आणि नवऱ्याला घेऊन आली. प्रेमिला शेजारच्या घरात शिरली, ओट्यावर टेकली आणि म्हणाली, “औंदा पराटी कशी हाय वं मावशी?” कापसाचं झाड निघालं, त्यातून बोंड निघालं, बोंडातून सावकार, सावकारातून सासरा, आणि तासाभरात तक्त्याचे सगळे रकाने भरून वर चार पानं झाली. संध्याकाळी सगळ्यांनी आपापले तक्ते मोठ्याने वाचले. प्रेमिलाचा वाचून झाल्यावर सर म्हणाले, पुस्तकं हिमानीची, गाव प्रेमिलाचं. त्या दहा दिवसांइतकं सुख आपल्याला पुन्हा झालं नाही, असं ती स्पष्ट म्हणते, आणि म्हणताना हसते.

वर्ग पांगला. बावीस जणांचं काय झालं हे प्रेमिलाला बोटांवर माहीत आहे, कारण पत्ते ठेवायचं काम तिचंच. चौघं-पाचजण बी. एड. करून मास्तर झाले. एक स्पर्धा परीक्षा देऊन फौजदार झाला, आणि मुलाखतीत समाजशास्त्रच कामी आलं असं सांगत फिरतो. एक कळमेश्वरच्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी झाला. एकजणी कुटुंब न्यायालयात समुपदेशक आहे. भांडणारे नवरा-बायको तिच्यासमोर गप्प बसतात, घरी तिचा नवरा तिच्याशी बोलत नाही. दोघी बचत गटांच्या संस्थेत, एक इतवारीच्या बाजारात बापाच्या कापडदुकानात. हिमानी पीएच. डी. करून कॉलेजात लागली आणि विभागप्रमुख झाली. आणि प्रेमिला सर्वेत लागली. एका संस्थेचा माणूस विभागात आला होता, ज्यांना पायी फिरायची आणि वऱ्हाडी बोलायची सवय आहे असे कोणी द्या म्हणाला, आणि सरांनी दुसरं नावच घेतलं नाही.

मग गावं. काटोल, सावनेर, उमरेड, भिवापूर, पार यवतमाळ, गडचिरोलीपर्यंत. कधी लसीकरण, कधी संडास, कधी रेशन, कधी कपडे धुण्याचा साबण. आज या संस्थेचं काम, उद्या त्या संस्थेचं, कायमचं कुठेच नाही. लोक तिलाही प्रश्न विचारायचे, नाही असं नाही, पण ते दोनच: आडनाव काय, आणि लग्न झालं का. आडनाव सांगितल्यावर काही घरांतून पाणी यायचं, काही घरांतून यायचं नाही. फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता, पण तिने ते कधी डोळ्याआड केलं नाही. लग्नाचं म्हणाल, तर दोन स्थळं आली आणि दोन्ही एकाच कारणाने गेली, की मुलगी गावोगाव एकटी फिरते. पहिल्याचं तिला काही वाटलं नाही. दुसऱ्याचं वाटलं, बरेच दिवस वाटलं. मग ते तिने बाजूला ठेवलं आणि भंडाऱ्याला निघून गेली.

हिमानी वर्षातून एकदा तिला आपल्या कॉलेजात मुलांपुढे बोलायला बोलवायची. प्रेमिला जीव तोडून सांगायची, कुठल्या गावात काय कळलं, बाई गप्प का बसते, नवरा दाराशी उभा असला की काय करायचं. शेवटी प्रश्नांची वेळ आली की कोणीतरी उठायचं आणि विचारायचं, “मॅडम, याच्यात स्कोप काय आहे?” दर वर्षी हाच प्रश्न. ती दर वर्षी उत्तर द्यायची आणि येताना बसमध्ये स्वतःवरच चिडायची.

काम सुटलं ते टॅबमुळे. कागदावर असेपर्यंत कोणी घड्याळ लावत नव्हतं. टॅब आल्यापासून प्रत्येक मुलाखत किती मिनिटं चालली हे दूर कुठल्या तरी ऑफिसातल्या पडद्यावर दिसायला लागलं. पस्तीस मिनिटं ठरलेली. प्रेमिलाची सत्तर व्हायची, कारण समोरची बाई बोलायला लागली की तिला थांबवायचं प्रेमिलाला कधी जमलंच नाही. तिच्या नावापुढे लाल खूण यायला लागली. एका तरुण अधिकाऱ्याने फोन केला, फार अदबीने बोलला, तुमची माहिती चांगली असते मॅडम, पण वेळ बसत नाही. बारा ऑगस्ट हा तिचा शेवटचा दिवस. तेव्हापासून ती घरी होती, आणि घरी राहणं तिला येत नव्हतं. भाजीवालीची तिने तिच्या नकळत पूर्ण मुलाखत घेऊन टाकली. बाईने शेवटी कोथिंबीर फुकट दिली आणि पुढच्या वेळेपासून दुसऱ्या गल्लीने जायला लागली.

अशात ती मुलगी चक्कीपाशी दिसली. सोमवारी दुपारपासून प्रेमिला दाराकडे डोळे लावून होती. पण संध्याकाळपर्यंत मुलगी एकविसाव्या घरापर्यंतच पोचली आणि निघून गेली. मंगळवारी तिचं येणं नक्की होतं.

पावणेअकराला दारात सावली पडली.

“नमस्कार काकू. मी श्वेता. आम्ही या भागातल्या बायकांचा सर्वे करून राहिलो.”

प्रेमिलाचा जीव भांड्यात पडला. तिने मुलीला आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. श्वेता तेवीस-चोवीस वर्षांची, उन्हाने तापलेली, चपलेचा अंगठा शिवलेला. सर्वे कशाचा, हे तिने वाचून दाखवलं: शहरातल्या बायकांचा दिवस कसा जातो, काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत त्यांनी काय काय केलं, अर्ध्या अर्ध्या तासाने. पस्तीस ते साठ वयाची एक बाई प्रत्येक घरातून. नाव कुठे छापणार नाही, नको त्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलं तरी चालेल. मुलगी जरा भरभर वाचत होती. प्रेमिलाच्या मनात आलं, सांगावं, संमतीचं वाचताना समोरच्याकडे पाहावं. पण ती गप्प बसली. आज ती उत्तर देणारी होती.

फक्त एवढं विचारल्याशिवाय तिला राहवलं नाही, की कुठं शिकली वं? श्वेता म्हणाली, इथंच, विद्यापीठात, समाजशास्त्रात एम. ए., मागच्या वर्षी झालं. घर कळमेश्वरकडे, शेती आहे, वाडीत खोली करून राहते. प्रेमिलाला काय काय विचारायचं होतं. खिडक्या त्याच आहेत का, कडुलिंब ठेवलेत की तोडले, गेटवरचा पोहेवाला आहे का. तिने ओठ मिटून घेतले. मुलाखत झाली की विचारू, तेव्हा सांगू की मीही तिथलीच. मग ही पोरगी चहा घेईल, आणि चांगली बैठक होईल.

श्वेताने टॅबवर बोट फिरवलं आणि पहिला प्रश्न वाचला.

“घरातलं कोणी जाहिरात, पत्रकारिता किंवा सर्वेक्षण, यांपैकी कोणत्या कामात आहे का? किंवा गेल्या सहा महिन्यांत होतं का?”

हा प्रश्न प्रेमिला विसरली होती. चक्कीपासून घरं मोजली, गोदामं वजा केली, चादर धुतली, आणि हा प्रश्न विसरली. स्वतःच्या तोंडाने तिने तो हजारो दारांत एका दमात म्हटला होता, आणि सगळे नाहीच म्हणतात म्हणून तो तिच्या लेखी प्रश्नच उरला नव्हता. जे लोक याच धंद्यातले असतात त्यांना सगळे डाव माहीत असतात, म्हणून त्यांची मुलाखत घ्यायची नसते. उत्तर हो आलं की तिथेच संपलं. श्वेताचं बोट ‘नाही’च्या वर तयारच होतं.

“हो,” प्रेमिला म्हणाली.

श्वेताने वर पाहिलं. कोण, म्हणून विचारलं. प्रेमिलाने सांगितलं, मीच. तीस वर्षं सर्वेत होते. कधीपर्यंत? बारा ऑगस्टपर्यंत. श्वेताने बोटांवर महिने मोजले. त्या दिवशी तीन फेब्रुवारी होती. पाच महिने आणि बावीस दिवस. अजून नऊ दिवस गेले असते तर सहा महिने भरत होते, आणि वाडीतलं काम आठ तारखेला संपत होतं.

मुलीने पुन्हा टॅबकडे पाहिलं. चौथं घर हातचं जाणार, पुन्हा शेजारी जायचं, पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून सांगायचं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्याहून जास्त तिला आपल्यासाठी मांडून ठेवलेली खुर्ची दिसली असावी, आणि ती चादर.

“काकू, नऊच दिवस तं आहेत,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी ‘नाही’ करते ना. कोणाले समजते?”

कोणालाच समजलं नसतं. हे प्रेमिलाइतकं पक्कं दुसऱ्या कोणाला माहीत असणार? तिचा सगळा जीव त्या ‘नाही’त जाऊन बसला. एक टिचकी, की पुढचा पाऊण तास तिचा होता. तिने लोकांना उत्तरं बदलताना पाहिलं होतं, सोबतच्या पोरांना झाडाखाली बसून अख्खे फॉर्म भरताना पकडलं होतं, आणि ते परत करायला लावले होते. पण हे तसं नव्हतं, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. नऊ दिवसांनी हे खरंच असणार होतं. तिने पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“नको वं बाई,” ती शेवटी म्हणाली. “माह्या मुलाखतीतलं पहिलंच उत्तर खोटं राहीन. मंग बाकीचं सांगून काय करू?”

श्वेताने ‘हो’ दाबलं. टॅबवर आपोआप एक ओळ आली आणि तिने ती वाचून दाखवली, कारण ती वाचून दाखवायचीच असते: आपल्या अमूल्य वेळेबद्दल धन्यवाद, आमचे प्रश्न इथेच संपत आहेत. प्रेमिलाने ही ओळही कितीदा म्हटली होती. या बाजूने ऐकायला ती फार तुटक वाटते, हे तिला आज कळलं.

प्रेमिलाने चहाचं विचारलं. श्वेता नाही म्हणाली, दोन वाजेपर्यंत दोन घरं पूर्ण करायची होती, नाहीतर लाल खूण येते. दाराशी ती घुटमळली. एकदा मोकळ्या वेळेत येते म्हणाली, तुमच्याकडून शिकायला. प्रेमिलाने मान हलवली. मुली असं मनापासून म्हणतात आणि मग काम त्यांना यवतमाळला घेऊन जातं, हे तिच्याहून कोणाला ठाऊक. श्वेता पायऱ्या उतरली आणि उजवा हात घरांकडे ठेवून पुढे गेली.

प्रेमिलाने दुसरी खुर्ची उचलून भिंतीला लावली. मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिला रडू आलं. चांगलं दणदणून आलं. आपण खुळ्यासारखं हे काय करून बसलो, असंही वाटत होतं आणि थांबतही नव्हतं. काम गेलं त्याचंही ती इतक्या महिन्यांत रडली नव्हती. ते सगळं एकदमच निघालं.

“प्रेमिला,” पडवीतून लहानूजींनी हाक मारली.

तिने तोंड पुसलं आणि बाहेर गेली. तिला वाटलं, पाणी हवं असेल. लहानूजींचं वय ब्याऐंशी, गुडघे पोत्यांनी खाल्लेले, पण कान शाबूत होते. सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. ते गल्लीकडे पाहत होते, मुलगी गेली त्या बाजूला.

“काय इचारणार होती ते पोरगी?”

“काही नाही बाबा. काल सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलं, ते.”

“मंग सांग.”

“तुमाले काय सांगू? तुमी तं घरीच असता.”

“मी घरी असतो,” लहानूजी म्हणाले, “पण मले कुठं मालूम हाय?”

प्रेमिलाला हसू आलं. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. म्हातारा चेष्टा करत नव्हता. त्यांनी अंगावरची गोधडी बाजूला केली होती आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते, ऐकायला बसल्यासारखे. तीस वर्षं त्यांनी लोकांना सांगितलं होतं की पोरगी साहेब आहे. पोरगी दिवसभर काय करते हे त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं, कारण साहेबाला कोणी विचारत नाही.

“पाचले उठली,” तिने उभ्यानेच सुरुवात केली. “पाणी भरलं. तुमचा चहा केला. तुमचे पाय शेकले. मंग भांडे, मंग कपडे. नवाले भाकरी टाकल्या.” सांगता सांगता ती खाटेच्या पायाला टेकली. लहानूजींनी मध्ये, कोणाशी बोललीस, एवढं विचारलं. ती म्हणाली, शेजारच्या बाईशी, नळावर, तिच्या सुनेबद्दल. मग दवाखान्यातून त्यांच्या गोळ्या आणल्या. मग चादर धुतली. मग जेवण.

“अन दुपारी?”

“दुपारी बसून होती.”

“बसून काय करत होती?”

गल्लीतून एक ट्रक वळत होता, तो पुढे जाईपर्यंत प्रेमिला थांबली.

“वाट पाहून राहिली होती, बाबा.”

“कोनाची?”

“कोनी इचारायले येते का म्हणून.”

लहानूजींनी खाटेवर सरकून तिला जागा केली, आणि ती शेजारी बसेपर्यंत थांबले.

“मंग चार वाजता काय केलं?” त्यांनी विचारलं.